उष्ण परवाह

आमच्या शाळेत नॉर्वे भिंतीकडं होतं आणि लॅब्रॅडॉर खिडकीकडं. मधे एकच लांब बाक. भिंतीकडच्या टोकाशी मास्तरांची कोळशाची शेगडी असायची आणि खिडकीचं एक दार मोडून पडलेलं होतं, ते कुणी कधी बसवलं नाही. आदिलाबादकडची थंडी ज्यांनी काढली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. पौषात आम्ही पोरं सदऱ्यावर आईच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून, ज्वारीच्या वावरातून दात वाजवत शाळेत यायचो.

मास्तर बाकासमोर उभे राहून छडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे आणि उर्दूत सांगायचे, कारण राज्य निजामाचं होतं आणि शाळा उर्दू होती. हा सगळा बाक एका अक्षांशावर आहे, ते म्हणायचे. सूर्य दोन्ही टोकांना सारखाच. मग या टोकाच्या पोराचे हात उबदार आणि त्या टोकाच्या पोराचे निळे, असं कशामुळं? आम्ही सगळे शेगडीकडं बघायचो. मग ते नकाशा उलगडायचे. विषुववृत्ताकडं समुद्र तापतो. ते पाणी वाऱ्याच्या रेट्यानं अटलांटिकमधून तिरपं ईशान्येला सरकतं आणि नॉर्वेच्या किनाऱ्याला लागतं. त्या पाण्यावरून येणारा वारा ऊब घेऊन जमिनीवर शिरतो, म्हणून इतक्या उत्तरेला असूनही तिथली बंदरं भर हिवाळ्यात उघडी राहतात आणि कोळी मासे धरायला जातात. पलीकडं लॅब्रॅडॉरला वरून थंड पाणी उतरतं, तिथं समुद्र बर्फानं बंद होतो. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. ज्याच्या आईबापानं बासरला नेलं होतं त्यानं गोदावरी पाहिली होती, तोच आमच्यातला मोठा दर्यावर्दी. तरी धडा प्रत्येकाला समजला. असं शिकवणारा माणूस मला पुढं भेटला नाही, हे आधीच लिहून टाकतो, कारण यापुढं मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिणार आहे आणि स्वतःबद्दल त्याहून वाईट.

त्या बाकावरची जागा उच्चारावर मिळायची. उर्दूतला घशातून काढायचा ‘क’ ज्याला जमला तो नॉर्वेला. ज्याच्या तोंडी आपला शेतातला ‘क’ आला तो लॅब्रॅडॉरला. रोज सकाळी मास्तर एकेकाला उभं करून ‘कलम’ म्हणायला लावायचे. “मोठ्यानं,” ते म्हणायचे. चुकलं की छडी आणि खिडकी.

मास्तर काही परमुलखातले नव्हते. तलमडुगूकडच्या कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातले, घरी आमच्यासारखीच मराठी बोलणारे. पण त्यांच्या लहानपणी शिकायचं म्हणजे उर्दूच शिकायचं होतं. ते पायी चालत जाऊन शिकले, आणि ज्या जिभेनं आईला हाक मारायची ती जीभ त्यांनी वर्गाच्या उंबरठ्याबाहेर ठेवली. वर्गात कुणी मराठी शब्द काढला की त्यांना स्वतःचाच धोतराचा सोगा सुटल्यासारखं व्हायचं. ते भडकायचे.

माझ्यावर ते भडकले ते एका शब्दापायी. उर्दूत समुद्राच्या प्रवाहाला ‘बहरी रौ’ म्हणतात. बहर म्हणजे समुद्र. आमच्या कानांना ते ‘बहिरी’ ऐकू आलं, आणि आमच्या गल्लीत खरोखर एक बहिरी म्हातारी होती, तिला हाका मारून पोरांचे गळे बसायचे. मास्तर म्हणाले, “गर्म बहरी रौ,” आणि मी हसलो. एकटा मीच हसलो असं नाही, पण हसताना सापडलो मी.

तो अख्खा हिवाळा मी लॅब्रॅडॉरला काढला. माझा ‘क’ सुधारला तरी काढला. बोटं सुजली, मग सांध्यावर फुटली, पाटीवर रक्ताचे डाग पडायला लागले. आई संध्याकाळी जवसाचं तेल कोमट करून चोळायची आणि म्हणायची, मास्तराले सांगत काऊन नाइस. मी एकदा हात पुढं करून दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, दोन्ही बाजूंनी, आणि वर्गाला म्हणाले, “देखो. सर्द बहरी रौ का असर.” सगळे हसले. मी त्या दिवशी काहीतरी ठरवलं. लहान मूल जे ठरवतं ते मोठेपणी विसरतं असं लोक म्हणतात. मी विसरलो नाही.

पुढं बापानं मला पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात मामाकडं ठेवलं आणि मी मराठीत मॅट्रिक झालो. तेवढ्यात इकडं निजामाचं राज्य गेलं. पोरांना त्यांच्या भाषेत शिकवायचं असं ठरलं आणि मराठी लिहिता-वाचता येणारे मास्तर सरहद्दीवरच्या गावांत मिळेनात. माझा पत्ता विचारत विचारत घरी बोलावणं आलं. मी त्याच शाळेत बावीस वर्षांचा गुरुजी म्हणून उभा राहिलो. शेजारच्या वर्गात, त्याच जुन्या बाकासमोर, मास्तर होते. केस पांढरे झाले होते, शेगडी तीच होती.

पहिले काही महिने ते माझ्याशी बोललेच नाहीत. मग जिल्ह्याच्या कचेरीतून हुकूम आला की जुन्या मास्तरांनी मराठीत एक धडा घेऊन दाखवायचा. दोन साहेब येऊन बसणार, बघणार. जो उतरला तो वर्गावर राहील. जो नाही उतरला त्याला मोहर्रीर करायचं, म्हणजे दफ्तरात बसून रजिस्टरं उतरवायची. पगारात फारसा फरक नव्हता. पण मास्तरांना वर्गाशिवाय दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नाही, शेत भावाकडं. शाळा सुटल्यावरही ते रिकाम्या वर्गात नकाशे गुंडाळत बसायचे.

एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. मी ओट्यावर दाढी करत होतो. ते उभेच राहिले.

“तुमच्याकडं काम होतं,” ते म्हणाले.

मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘तुमी’चं माणूस केलं होतं. मी सावकाश उरलेली दाढी केली, मग त्यांना बसायला सांगितलं.

“मी बोलतो मराठी. जन्मापासून बोलून राह्यलो,” ते म्हणाले. “पण धड्यातले शब्द माह्यापाशी नाइत. ते सारे उर्दूत हायेत. तुमी सांगा, मी लिहून घेतो. आनं पाठ करतो.”

“अक्षरं येतात का तुम्हाला?” मी विचारलं. येत नाहीत हे मला माहीत होतं.

“पोराइच्या पुस्तकातून गिरवून राह्यलो. अजून वेळ लागते,” ते म्हणाले आणि त्यांनी मांडीवर वही उघडली. उजवीकडून.

मी सांगत गेलो, ते मराठी शब्द उर्दू अक्षरांत लिहीत गेले. अक्षांश. विषुववृत्त. किनारा. हवामान. प्रत्येक शब्द ते परत म्हणून दाखवायचे, कारण उच्चारात चूक त्यांना खपायची नाही, स्वतःचीही. पोरासारखे मान वर करून माझ्या तोंडाकडं बघायचे. मी ‘बरोबर’ म्हणालो की खाली बघून पुढचा शब्द लिहायचे. मला त्यात मजा यायला लागली होती, हे खोटं कशाला सांगू.

मग ‘प्रवाह’ आला.

उर्दू लिपीत ऱ्हस्व ‘अ’ लिहीत नाहीत. पे, रे, वाव, अलिफ, हे. एवढंच. ते ‘प्रवाह’ वाचा नाहीतर ‘परवाह’, लिहिलेलं सारखंच दिसतं. अडलं तर अक्षराच्या डोक्यावर एक बारीक तिरपी रेघ देतात, तिला जबर म्हणतात. रेघ ‘रे’वर दिली तर ‘प्रवाह’ होतो. ‘पे’वर दिली तर ‘परवाह’, म्हणजे काळजी, पर्वा.

मास्तरांनी पाच अक्षरं लिहिली, टाक वर धरला आणि विचारलं, “जबर ‘पे’वर का ‘रे’वर?”

मी बोटांकडं पाहिलं. सांध्यावरचे वण अजून होते.

“‘पे’वर,” मी म्हणालो.

“परवाह?”

“परवाह.”

ते थांबले. मला वाटलं, संपलं, आता ओळखतील. इतकी उर्दू शिकलेला माणूस, परवाहचा अर्थ त्यांना काय मी सांगायचा होता? पण त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते वहीकडं बघून हसले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

“समुद्राची उष्ण परवाह,” ते म्हणाले. “काय शब्द ठेवला मराठीनं. उर्दूत नुसती रौ हाये, वाहते तेवढी. इथं समुद्र किनाऱ्याची परवाह करते म्हणून बर्फ होत नाइ. पोराइले लगेच कळंल.” मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, म्हणाले, “आपली भाषा आमी कधी पाह्यलीच नाइ.”

तिथं मला सांगता आलं असतं. ओठापर्यंत आलं होतं, असं लिहिलं तर बरं दिसेल, पण आलं नव्हतं. मी म्हणालो, “बरोबर.”

त्यांनी ‘पे’वर रेघ दिली, ठळक.

धड्याच्या दिवशी थंडी कडाक्याची होती. दोन साहेब खुर्च्यांवर बसले. एक हैदराबादचे, त्यांना मराठी बेताचीच कळत होती. दुसरे मराठवाड्यातले, शुद्ध मराठीचे. मला मागं बसवलं होतं, नव्या मास्तरानं बघून शिकावं म्हणून. मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले. पोरं बाकावर बसवली, शेगडी भिंतीकडच्या टोकाला आणली आणि छडी फिरवली.

आणि त्यांनी शिकवलं. खरंच शिकवलं. खिडकीकडचं पोरगं आणि शेगडीकडचं पोरगं यांना उठवून हात साहेबांना धरून बघायला लावले. हैदराबादचे साहेब पुढं सरकून बसले. अक्षांश, विषुववृत्त, हवामान, एकेक शब्द त्यांनी असा म्हटला की कुठं खोट काढायला जागा नाही. मी मनातल्या मनात एकेक शब्द मोजत पुढच्या शब्दाची वाट बघत होतो.

“आता सांगा,” मास्तर पोरांना म्हणाले, “नॉर्वेची बंदरं काऊन गोठत नाइत? कारण तिथं समुद्राची उष्ण परवाह येते.”

मराठवाड्यातल्या साहेबांनी मान वर केली. “काय येते?”

“उष्ण परवाह, साहेब. खालून येते, गरम भागातून. किनाऱ्याले ऊब देते.”

साहेब हसले. आधी बेतानं, मग खुर्ची हलेपर्यंत. “अहो मास्तर, समुद्राला कसली आलीय परवाह?” पोरांना अर्धंच कळलं होतं, पण साहेब हसले म्हणजे हसायला हरकत नाही एवढं कळलं. सगळा बाक हसला, नॉर्वे आणि लॅब्रॅडॉर दोन्ही. मास्तरांना काय चुकलं ते समजेना. त्यांना वाटलं उच्चार नीट पोचला नाही. ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, प्रत्येक अक्षर सुटं करून. “पर-वाह.”

“फळ्यावर लिहा बरं,” साहेब म्हणाले.

ते फळ्याकडं गेले. महिनाभर गिरवलेली अक्षरं होती हातात, पण चाळीस वर्षांच्या सवयीनं हात फळ्याच्या उजव्या कडेला गेला. त्यांनी तिथं ‘उ’ काढला. मग त्यांच्या लक्षात आलं की मराठी पुढं उजवीकडं जाते आणि उजवीकडं आता भिंत आहे. खडू धरून ते तसेच उभे राहिले. पाठमोरे. पोरं पुन्हा हसली.

“कोणी शिकवलं हे तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

मास्तर वळले. वर्गात मागं मी बसलो होतो. त्यांची नजर माझ्यावर आली, थांबली, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांना सगळं समजलं. माझ्या मांडीवर माझे दोन्ही हात होते, ते मी कशासाठी कोण जाणे, खिशात घातले.

“कोणी नाइ,” ते म्हणाले. “माह्या कानात दोष हाये. बहिरा झालो थोडा.”

विषयाचं ज्ञान उत्तम, भाषेत अनुत्तीर्ण, असा शेरा आला. मास्तर दफ्तरात गेले. भूगोल माझ्याकडं आला आणि भूगोलाबरोबर शेगडीही. पहिल्या दिवशी मी खिडकीला तट्ट्या बांधला आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, मास्तर रजिस्टर उतरवत बसायचे. दर हिवाळ्यात मी तो धडा घ्यायचो, त्यांच्याच बाकानं, त्यांच्याच छडीनं, आणि ‘प्रवाह’ म्हणताना माझा आवाज आपोआप खाली यायचा. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ते काही बहिरे नव्हते.

माफी मागावी असं मला वाटलं का? वाटलं, अनेकदा. पण माझी बोटं फुटली तेव्हा त्यांनी कुठं मागितली होती, असं म्हणून मी ते परतवून लावायचो. हा हिशेब मी इतकी वर्षं इतक्यांदा मांडलाय की आता त्यातला ओशाळेपणाच तेवढा उरलाय.

मग भाषेवर राज्यं वाटली गेली आणि आमचा जिल्हा तेलुगूकडं गेला. पैनगंगेपलीकडचे माझे मामा एका राज्यात आणि मी दुसऱ्या. हुकूम आला: तेलुगू न येणाऱ्या मास्तरांनी तेलुगूची परीक्षा द्यायची. आता मला अक्षरं येत नव्हती. शाळेत एक तरुण तेलुगू मास्तर नवा आला होता, त्याच्यापुढं मी वही घेऊन बसायला लागलो. तो तेलुगू शब्द सांगायचा, मी ते देवनागरीत उतरवायचो आणि त्याच्या तोंडाकडं बघायचो. तो बिचारा सरळ माणूस, एकेक शब्द दहादा सांगायचा, चुकलो तर हसायचाही नाही. मी मात्र प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्याला विचारून पडताळून बघायचो. हा मला खोटं तर सांगत नाही? एकाही शब्दावर माझा विश्वास बसायचा नाही. झोप उडाली माझी त्या परीक्षेपायी.

तोंडी परीक्षेत साहेबांनी मला भूगोलातलंच विचारलं, उत्तरेकडचे किनारे उबदार का राहतात. मी घामाघूम होऊन सांगितलं, आणि पास झालो, कारण नेमका तोच शब्द तेलुगूतही तसाच आहे. प्रवाहं. शेवटी एक अनुस्वार, बाकी काही बदल नाही. ज्या शब्दात मी मास्तरांना बुडवलं त्याच शब्दानं मला तारलं.

शाळेत परत आलो तेव्हा दुपारची सुट्टी चालू होती. मास्तर दफ्तरात एकटे होते. त्यांना निवृत्त व्हायला थोडेच दिवस राहिले होते. मी पाणी प्यायला माठाशी गेलो.

“उतरलास?” त्यांनी विचारलं.

‘तुमी’ गेलं होतं. मी हो म्हणालो.

“काय पुसलं?”

मी सांगितलं.

“आनं त्या रौले तेलुगूत काय म्हंतात?”

“प्रवाहं.”

त्यांनी टाक दौतीत बुडवला नाही, नुसता वर धरला. त्या रविवारी धरला होता तसाच. “जबर ‘पे’वर का ‘रे’वर?”

इतकी वर्षं मी ज्याला टाळत होतो तो प्रश्न असा माठाशेजारी, पाण्याचा गडू हातात असताना आला. एक शब्द बोलायचा होता. मास्तर म्हातारे झाले होते, काय बिघडणार होतं माझं?

“तेलुगूत ‘रे’वर,” मी म्हणालो. “मराठीत ‘पे’वर.”

मास्तरांनी समोरचं रजिस्टर मिटलं आणि माझ्याकडं फिरवलं. पुठ्ठ्यावर त्यांच्या हातचं मराठी होतं, ठसठशीत, डावीकडून सुरू केलेलं. शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांची नोंद ज्यात करतात ते रजिस्टर, दरवर्षी तेच त्यावर हे नाव घालायचे. ‘प’ला ‘र’ जोडून काढलेल्या पहिल्या अक्षराखाली त्यांनी बोट ठेवलं.

“वाच,” ते म्हणाले.

मी वाचलं.

“मोठ्यानं.”

“प्रवेश,” मी म्हणालो.

“बरोबर,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी रजिस्टर आपल्याकडं फिरवून पुढची नोंद लिहायला घेतली.